दमसास कशाने वाढतो?
(विरामी व्यायाम आणि सलग व्यायाम : एक तौलनिक विचार)

श्रावण महिन्यात अकोल्याच्या राजराजेश्वराला जलाभिषेक करण्यासाठी तरुणांची मंडळे गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणतात. खांद्यावर भार, पायाखाली ओला रस्ता आणि पुढे अनेक कोसांची चाल. रस्त्याच्या कडेला उभे राहून ही मिरवणूक पाहणाऱ्यांत पंचेचाळिशीच्या पुढचे अनेक गृहस्थ असतात. "आम्हीही एकेकाळी कावड वाहिली आहे," असे ते अभिमानाने सांगतात आणि घरी परतल्यावर दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहतात. त्यांचे गेले ते काय? आपण सहज म्हणतो, "वजन वाढले." पण वजन ही वाढलेली गोष्ट झाली. कमी झालेली गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे दमसास.

हा गेलेला दमसास परत मिळवता येतो काय, आणि येत असेल तर कोणत्या व्यायामाने, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो मला पुस्तकातून सुचला नाही, घरातच सुचला. माझे वडील हिशेबनीस आहेत. वय ४८, वजन ८६ किलो. रक्तात साखर निघाली तेव्हा त्यांना "व्यायाम करा" एवढेच सांगण्यात आले. कोणता, किती, कसा, हे त्यांनी विचारले नाही व कोणी सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कॅनव्हासचे बूट घालून धावत सुटले. शेजारच्या काकांनी ओट्यावरून हटकले, "काहून हो भाऊ, कोन लागलं मांगं?" वडील हसले आणि आणखी जोरात धावले. नवव्या दिवशी गुडघा सुजला, बूट माळ्यावर गेले. पुढचे तीन महिने ते फक्त वजनाचा काटा पाहत आणि निराश होत. असे नऊ दिवसांचे धावपटू आपल्या प्रत्येकाच्या घरी सापडतील. म्हणून हा विचार सर्वांपुढे ठेवीत आहे.

दमसास म्हणजे नेमके काय?

आपण श्वासावाटे हवा घेतो. तिच्यातील प्राणवायू फुफ्फुसांत रक्तात मिसळतो, हृदय ते रक्त स्नायूंकडे ढकलते आणि स्नायू त्या प्राणवायूच्या साहाय्याने अन्नापासून शक्ती निर्माण करतात. अगदी जोराचे श्रम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकते, ती त्या माणसाची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत धावणाऱ्या माणसांचा उच्छ्वास पिशवीत गोळा करून ही कल्पना मांडली. स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले होते. पुढे अमेरिकेतील डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ सालच्या पुस्तकामुळे 'एरोबिक्स' हा शब्द घरोघरी पोचला. त्यामागची मूळ गोष्ट हीच, प्राणवायूच्या बळावर टिकून राहणारे श्रम.

ही क्षमता शरीराच्या दर किलो वजनामागे मोजण्याची रीत आहे. एक उदाहरण घेऊ. ८० किलो वजनाचा एक प्रौढ मिनिटाला २४०० मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतो. म्हणजे दर किलोमागे ३० मिलिलिटर. त्याने केवळ आहार कमी करून ४ किलो वजन उतरवले, तर हा आकडा सुमारे ३१.६ होईल. उलट वजन तसेच राहिले पण व्यायामाने प्राणवायूचा वापर १५ टक्क्यांनी वाढून २७६० मिलिलिटर झाला, तर आकडा ३४.५ होईल. दोन्ही गोष्टी साधल्या तर ३६ च्या वर जाईल. या साध्या गणितावरून वाचकांच्या लक्षात येईल की, वजनाचा काटा हलला नाही तरी माणूस आतून सुधारलेला असू शकतो.

ही सुधारणा केवळ जिना चढण्यापुरती नाही. २००२ साली अमेरिकेत ६,२१३ पुरुषांची चालत्या पट्ट्यावर परीक्षा घेऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वस्थ बसलेला माणूस दर किलोमागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो असे धरतात. श्रमक्षमता तेवढ्या एका मापाने अधिक असलेल्यांत जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी अधिक आढळली. दमसास म्हणजे आयुष्याच्या खात्यावरची शिल्लकच म्हणावयाची.

दोन पद्धती

दमसास वाढविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली मध्यम गतीच्या सलग व्यायामाची. अर्धा-पाऊण तास न थांबता झपझप चालणे, सायकल चालविणे, पोहणे. यात श्वास वाढतो, पण सोबत्याशी बोलता येते, गाणे मात्र म्हणता येत नाही. दुसरी पद्धत म्हणजे क्रीडाशिक्षक जिला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात ती. तिला आपण विरामी व्यायाम म्हणू. यात थोडा वेळ जोराचे श्रम, मग थोडा वेळ हलकी हालचाल, पुन्हा श्रम, अशी आवर्तने असतात. जोराच्या टप्प्यात दोन-चार शब्दांपलीकडे बोलणे होत नाही.

या दुसऱ्या पद्धतीला शास्त्रीय रूप १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत आले. तेथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी नाडीचे ठोके मोजून धाव आणि विराम यांचे प्रमाण बसविले. त्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. तो विक्रम १६ वर्षे टिकला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य धावा काढून सराव करी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. आपले खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले ते याच स्पर्धेत.

परंतु ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण घ्या. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिके त्याने तेथे करून दाखविली. गेर्शलर नाडी मोजून आपली पद्धत बसवीत होते, त्याच दशकातली ही गोष्ट. आता आपला खो-खो पाहा. पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ गडी पाटीवर बसलेले, एक धावणारा. तो जिवाच्या आकांताने धावतो, 'खो' देतो आणि बसतो. थोड्या वेळाने त्याला पुन्हा 'खो' मिळतो. कबड्डीतील चढाईही अशीच, आजच्या नियमांनुसार ३० सेकंदांची. आखाड्यातही जोर-बैठकांचे फेरे काढताना मध्ये दम घेतला जातो. विरामी व्यायाम हे नाव नवे असेल, त्याचे अंग आपल्या मातीत मळलेले आहे. त्याचप्रमाणे कावड आणि वारी ही सलग व्यायामाची आपली रूपे आहेत. तेव्हा दोन्ही पद्धती घरच्याच. प्रश्न एवढाच की, वजन वाढलेल्या, सवय तुटलेल्या प्रौढाला कोणती अधिक उपकारक?

प्रयोग काय सांगतात?

नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे यावर बरेच काम झाले आहे. तेथील पद्धतीत प्रथम १० मिनिटे अंग तापविणे, मग ४ मिनिटे जोराचे श्रम अशी चार आवर्तने, प्रत्येक दोहोंमध्ये ३ मिनिटे हलके चालणे आणि शेवटी ५ मिनिटे शांत होणे, असा ४० मिनिटांचा पाठ असतो. जोराच्या टप्प्यात नाडी कमाल ठोक्यांच्या सुमारे ९० टक्क्यांवर नेतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० स्थूल प्रौढांचे तीन गट करून १२ आठवडे व्यायाम दिला. विरामी गटाची प्राणवायू-ग्रहणक्षमता ३३ टक्क्यांनी, सलग गटाची १६ टक्क्यांनी आणि शक्तिवर्धक व्यायामाच्या गटाची १० टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी पोट सुटणे, रक्तदाब, साखर अशा एकत्रित तक्रारी असलेल्या लोकांवरील १६ आठवड्यांच्या प्रयोगात ही वाढ अनुक्रमे ३५ व १६ टक्के आढळली. दोन्ही प्रयोगांत विरामी व सलग गटांच्या एकूण श्रमाचे माप सारखे ठेवले होते, हे महत्त्वाचे.

असे का व्हावे? शांत बसलेल्या माणसाचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. व्यायामाने कमाल ठोक्यांची संख्या वाढत नाही. वाढते ते दर ठोक्याला ढकलले जाणारे रक्त. हृदयाला हा अभ्यास घडतो तो ते क्षमतेच्या टोकाजवळ काम करीत असताना. त्या वेगाने नवखा माणूस सलग सोळा मिनिटे टिकूच शकणार नाही. पण चार-चार मिनिटांचे तुकडे केले की मधल्या विरामामुळे सोळा मिनिटांचे ते श्रम त्याच्या पदरात पडतात. विरामी व्यायामाचे सारे रहस्य विरामात आहे. विराम म्हणजे आळस नव्हे, पुढच्या श्रमाचे भांडवल आहे.

येथेच लेख संपविला तर निकाल सरळ लागेल. पण शास्त्रात एका-दोन प्रयोगांवर न्याय होत नाही. २०१५ साली निरोगी प्रौढांवरील २८ अभ्यास एकत्र करून आढावा घेतला गेला, तेव्हा दोन्ही पद्धतींनी भरघोस सुधारणा होते आणि विरामी व्यायामाचे आधिक्य दर किलोमागे अवघे १.२ मिलिलिटर इतके भरते, असे दिसले. २०१६ साली कॅनडात बैठ्या पुरुषांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाला १० मिनिटांच्या पाठात २० सेकंदांच्या फक्त तीन अतिवेगवान सायकल-धावा, दुसऱ्याला ४५ मिनिटे मध्यम सायकल. दोन्ही गटांची वाढ सारखीच, सुमारे १९ टक्के. म्हणजे लाभ तोच, वेळ मात्र निम्म्याहून कमी. विरामी पद्धतीचा खरा दावा हा आहे. ती जादू नव्हे, वेळेची काटकसर आहे.

वजनाच्या काट्याचा भ्रम

मग वजनाचे काय? २०१७ साली जादा वजनाच्या प्रौढांवरील १३ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. शरीरातील चरबी आणि कमरेचा घेर दोन्ही पद्धतींनी सारखाच कमी झाला, विरामी व्यायामाला वेळ सुमारे ४० टक्के कमी लागला, परंतु एकूण वजनात म्हणण्यासारखी घट कोणत्याच पद्धतीने झाली नाही. वजन उतरविण्याचा मोठा भार आहारावरच पडतो. बाजारातला एक गिलावडा खाण्यास दोन मिनिटे लागतात, त्याची भरपाई चालून करावयास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, हे वेगळे सांगणे नको.

आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट जपावी लागते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांच्या उंचीशी वजनाचे प्रमाण अगदी सारखे, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्थूल, असा आपला बांधा आहे. म्हणून भारतीयांसाठी हे प्रमाण २३ झाले की जादा वजन आणि २५ झाले की स्थूलपणा मानतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा होय. काट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते.

प्रयोगशाळेतून घरी

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रयोगशाळेत शिक्षक शेजारी उभा असतो, घरी कोणी नसते. न्यूझीलंडमध्ये जादा वजनाच्या २५० प्रौढांना आपली पद्धत आपणच निवडण्याची मुभा देऊन वर्षभर पाहिले. हा अभ्यास २०१८ सालचा. विरामी व्यायाम निवडणाऱ्यांपैकी आरंभी सुमारे ६० टक्के लोक तो नियमाने करीत होते. वर्षाअखेर हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. युरोपातील नऊ केंद्रांत हृदय दुबळे झालेल्या २६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही पद्धतींत फरकच उरला नाही. कारण शोधता असे दिसले की, जोराचा व्यायाम सांगितलेल्यांपैकी निम्मे लोक ठरल्यापेक्षा हळू, तर मध्यम व्यायाम सांगितलेल्यांपैकी बहुतेक ठरल्यापेक्षा जोरात करीत होते. कागदावरच्या दोन पद्धती माणसाच्या पायात आल्यावर एक झाल्या!

माझ्या मते साऱ्या वादाचा निष्कर्ष यात आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न अर्धाच आहे. वर्षभराने कोणती पद्धत शिल्लक राहील, हा त्याचा दुसरा अर्धा. सलग व्यायाम हा पाया आहे आणि विरामी व्यायाम ही त्यावरची भिंत. पाया न भरता भिंत उभारली की ती नवव्या दिवशी कोसळते, जशी आमच्या घरी कोसळली.

दोहोंचा मेळ घालणारा एक सुंदर प्रयोग जपानमध्ये मात्सुमोतो येथे झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मध्यमवयीन व वृद्ध अशा २४६ व्यक्तींपैकी एका गटाने धावणे मुळीच न करता ३ मिनिटे झपाट्याने व ३ मिनिटे सावकाश चालणे, अशी पाच किंवा अधिक आवर्तने आठवड्यातून चार दिवस केली. पाच महिन्यांत त्यांची चालण्याची कमाल प्राणवायू-क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली, मांड्यांची शक्ती वाढली आणि रक्तदाब उतरला. मध्यम गतीने सलग चालणाऱ्यांत इतका फरक पडला नाही. गुडघ्याला धक्का नाही, बुटांखेरीज खर्च नाही, आणि शेजाऱ्यांना हटकण्यास कारणही नाही!

वऱ्हाडात हे कसे करावे?

प्रथम वैद्यकीय तपासणी. छातीत दुखणे, चक्कर, जुना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या संमतीवाचून जोराचा टप्पा घेऊ नये. मधुमेहावरची काही औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, तेव्हा अशांनी ठोके न मोजता बोलण्याच्या कसोटीवर भिस्त ठेवावी.

पहिले सहा आठवडे केवळ चालणे. आरंभी दिवसातून दहा-दहा मिनिटे तीन वेळा, मग सलग अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. याने १५० मिनिटे भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे, त्यातील खालची पायरी ही. सातव्या आठवड्यापासून पाचांपैकी दोन दिवस १ मिनिट जोरात व २ मिनिटे सावकाश, अशी सहा आवर्तने करावीत. पुढे जोराचा टप्पा हळूहळू ३ मिनिटांवर न्यावा. चढ मिळाला तर उत्तम. अमरावतीकरांना मालटेकडी आहे. चढावर न धावताही नाडी वाढते आणि गुडघा वाचतो. उतरताना मात्र सावकाश.

कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज २२० मधून वय वजा करून येतो. ४८ वर्षांच्या माणसाचे १७२. मध्यम चालीत १२० च्या आसपास, जोराच्या टप्प्यात १४५ ते १५५. हा अंदाज आहे, आज्ञा नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्याचे पथ्य विशेष. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच व्यायाम आटोपावा, पाणी प्यावे आणि जोराचे टप्पे कमी करावेत. प्रगती मोजण्यासाठी महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी १२ मिनिटांत किती अंतर चाललो, ते वहीत लिहावे.

समारोप

वडिलांचे बूट माळ्यावरून पुन्हा खाली आले त्याला आता सहा महिने झाले. या वेळी आम्ही दोघे बरोबर निघालो. आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग विजेच्या एका खांबापासून तिसऱ्या खांबापर्यंत जोरात आणि पुढे सावकाश. वजन ८६ चे ८४ झाले, एवढेच. पण गेल्या आठवड्यात गव्हाचे पोते घरी आले तेव्हा ते मजुराच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावर चढून आले आणि वर येऊन मजुराशी भाड्याची घासाघीस करू लागले. आई म्हणाली, "आज मधात थांबले नाही तुम्ही." वडिलांच्या ते ध्यानातही आले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांना विशीतला दम फुकट मिळालेला आहे, त्याची किंमत आपल्याला ठाऊक नाही. आपल्या घरी ज्यांचा दम संसार ओढताना खर्च झाला, त्यांना "व्यायाम करा" असे नुसते सांगू नका. उद्या पहाटे त्यांच्याबरोबर निघा. पहिले सहा आठवडे त्यांच्या चालीने चाला.